एका पॅनमधला खपली पेन्ने: कणी अखेर गेली

कणी गेली! खपली गव्हाचा पेन्ने (नळीचा पास्ता), एकच पॅन, पाणी ओतून टाकणं नाही, आणि मधोमध कापून बघितल्यावर पोटात कच्च्या गाभ्याचा पांढरा ठिपका, म्हणजे कणी, नाही. काल रात्री ताटात वाढण्याआधी नळी उभी चिरून उजेडात धरली. आतून बाहेरपर्यंत एकसारखा तांबूस रंग. गेले कित्येक आठवडे हेच बघायचं होतं.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना दुखणं माहीत आहे. बन्सी गव्हाच्या रव्याचा साधा पास्ता एका पॅनमध्ये बिनतक्रार होतो. खपलीचा आणला की बाहेरून लगदा, आतून कणी. नळीच्या कडा फाटून त्याची खळ रश्श्यात उतरते, रस्सा तळाला धरतो, आणि दाताखाली मात्र कच्च्या भातासारखं कचकन लागतं. पाणी वाढवलं तर पातळ आणि बेचव झालं. झाकण ठेवलं तर फेस उतू जाऊन शेगडी पुसायचं काम वाढलं. आच मंद केली तर लगदा तेवढा जास्त झाला. कोल्हापूरच्या उंचीचाही मुद्दा काहींनी काढला होता. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर, म्हणजे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. दोन अंशांनी मिनिटभराचा फरक पडेल, कणी राहणार नाही. शिवाय त्याच शेगडीवर बन्सीचा होतोच की.

वाट दाखवली ती कुरुंदवाडच्या आत्यानं. फोनवर पास्त्याचं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खपली हाय न्हवं ती? मग भिजवल्याबिगर शिजंल कशी?" आपल्याकडं खपलीच्या खिरीला गहू ओलवून कांडतात, रात्रभर भिजत घालतात, मग शिजवतात. तोच गहू नळीच्या आकारात आला की आपण थेट उकळत्या पाण्यात टाकतो.

नंतर त्यावर विचार केला तेव्हा सगळं जुळत गेलं. पिठातल्या स्टार्चला फुलायला पाणीही लागतं आणि उष्णताही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी असतं, सुटलेली खळ त्यात पसरून जाते. एका पॅनमध्ये पाणी मोजकं. बाहेरचा थर आधी फुलतो, चिकट होतो, आणि त्या घट्ट खळीतून आत पाणी जाणं मंदावतं. ड्युरमचं, म्हणजे आपल्या बन्सीचं ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) चिवट, ते नळीला तोवर धरून ठेवतं. खपली त्याच्याच भावकीतली, दोघांचीही 28 गुणसूत्रं (चपातीच्या गव्हाची 42), पण तिचं ग्लूटेन नाजूक. आत पाणी पोचेपर्यंत बाहेरचा थर सुटूनही जातो. थंड पाण्यात मात्र स्टार्च फुलत नाही, त्याला साधारण 60 अंशांच्या पुढची उष्णता लागते. त्यामुळं भिजताना पाणी निवांत गाभ्यापर्यंत मुरतं आणि खळ होत नाही. मग पॅनमध्ये उरतं फक्त उष्णतेचं काम.

काल केलं ते असं. दोघांसाठी 160 ग्रॅम पेन्ने, अर्धा लिटर साध्या पाण्यात. शिरोली एमआयडीसीतून घरी आल्या आल्या भिजत घातला आणि मग हातपाय धुतले. तासाभरानं नळी वाकवली तर तुटली नाही, रबरासारखी वळली. वजन 270 ग्रॅमच्या आसपास. पॅनमध्ये घाण्याच्या शेंगदाणा तेलावर कांदा, लसूण, मग मोडाची मटकी आणि गाजर, थोडं पाणी, झाकण. मटकी बोटानं दाबली जायला लागली की मगच टोमॅटो. हा क्रम सोडू नका, आंबट आधी पडलं की मटकी लवकर मऊ होत नाही. मग अर्धा चमचा आपली कांदा-लसूण चटणी (तिच्यात मीठ असतंच, वरचं मीठ हात राखून), भिजवलेला पेन्ने, आणि भिजवणाचंच दीड वाटी पाणी. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर, हलवत. सहा मिनिटं! पूर्वी वीस मिनिटांत जे होत नव्हतं ते सहा मिनिटांत झालं. गॅस बंद करून पालक आणि चमचाभर तेल घातलं, पॅन दोनदा झटकला. रस्सा चकचकीत होऊन नळ्यांना धरून बसला. दूध नाही, साय नाही, मैदा नाही. टोमॅटोत दूध फाटण्याची भानगडच संपली.

पॅनबद्दल थोडं. महाद्वार रोडवरून आणलेला तीन थरांचा, पसरट, 26 सेंटिमीटरचा स्टीलचा पॅन मला या कामाला सगळ्यात पटलाय. लोखंडी कढई मला प्रिय आहे, पण टोमॅटो तिच्यात शिजवला की रस्सा काळपट होतो आणि लोखंडाची चव येते. पास्ता घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. पुढं मोठ्या अक्षरात खपली लिहिलेलं एक पाकीट मी आणलं होतं, घटकांत पहिलं नाव मैद्याचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात, त्यामुळं पहिलं नाव खपलीचं नसेल तर ते पाकीट परत फळीवर. टोमॅटोसाठी मी कपिलतीर्थ मंडईत देशीच शोधतो. हायब्रीडची साल जाड, ती नळीभोवती गुंडाळून बसते, आणि आंबटपणाही कमी.

पुढची पायरी म्हणून शेवया करायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. पास्ता भिजवायला वेगळा डबा लागतोच कशाला? पेन्ने पॅनमध्येच एका थरात पसरायचा, वर बोटभर पाणी. तासाभरानं जास्तीचं पाणी वाटीत काढायचं, टोमॅटो घालायचा आणि सरळ गॅस लावायचा. कांदा-लसूण आधी परतायचे नाहीत, शेवटी फोडणीच्या पळीत चटणीसकट चरचरीत फोडणी वरून ओतायची. मिसळीच्या कटासारखा तवंग येईल आणि चटणी करपणारही नाही. पळीला मी दुसरं भांडं धरत नाही.

फक्त मटकीचं गणित बिघडतं. तिला पास्त्याच्या आधी दहा मिनिटं हवीत आणि पास्ता तर आधीच पॅनमध्ये बसलेला. मग मुगाचे मोड? ते लवकर शिजतात, चांगले लांब मोड आलेले असतील तर सहा मिनिटांत टोमॅटोतही निभावेल असं वाटतं. नाहीतर शेवटी पनीर कुस्करून. म्हणजे शेवया थांबल्या, आधी हेच. मूग आत्ताच भिजत घातलेत, परवापर्यंत मोड येतील. ढबू मिरची पण आणलीय, ती पालकाबरोबर गॅस बंद केल्यावरच पडेल, कचकचीत हवी.

इंडक्शनवर करणाऱ्यांनी भिजवलेला पेन्ने घालून दीड वाटी पाणी आटायला किती वेळ लागतो ते जरूर कळवा. गॅसवर आच कडेनं वर येते, इंडक्शनवर तळ आधी तापतो. तिथं पाणी थोडं जास्त लागेल असा माझा अंदाज आहे.