एक कॉइल वाचवली, त्याची गोष्ट

गेल्या मे महिन्यात इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या ओकाउची तळ्याजवळच्या एका यार्ड सेलमध्ये मला एव्हिनरूड कंपनीचं फिशरमन मिळालं, म्हणजे बोटीला मागे लावायचं इंजिन. १९५६ सालचं, साडेपाच हॉर्सपॉवर, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक. निळा रंग उन्हाने पार विटलेला, हँडलचं रबर चिकट झालेलं. विकणाऱ्या आजोबांनी दोरी ओढून दाखवली. पिस्टन अडकलेले नव्हते, कॉम्प्रेशन हाताला चांगलं लागत होतं. चाळीस डॉलर दिले आणि डिकीत जुनी चादर अंथरून ते आडवं घातलं. बायको म्हणाली, "आता महिनाभर डिकीला पेट्रोलचा वास येणार." दोन महिने आला.

घरी आल्यावर देवगडला काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांची अख्खी हयात होडीवर गेली, इंजिनाच्या आवाजावरून ते आजार सांगतात. लेगचे, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाचे स्क्रू मी जरा गरम करून सोडवले आणि ते सरळ बाहेर आले, हे त्यांना दाखवलं. "रे झिला, गोड्या पाण्यातला इंजिन तां," काका म्हणाले. "पेन्शनीत गेलेलो मास्तर. आमच्या दर्यात टाक, मगे कळतला." खरंच आहे. अॅल्युमिनियमच्या बॉडीत लोखंडी स्क्रू आणि वर खारं पाणी, म्हणजे चार-पाच वर्षांत स्क्रू आणि बॉडी एकजीव होतात, मग ड्रिलशिवाय इलाज नाही. विस्कॉन्सिनच्या तळ्यांत मीठ नाही, म्हणून सत्तर वर्षांची इंजिनं अजून पान्याला दाद देतात.

आणि तळंही नेमकं तेच. ही इंजिनं काढणाऱ्या ओले एव्हिनरूडची ती आइस्क्रीमची गोष्ट इथे पोरंटोरंही सांगतात. उन्हाळ्यात ओकाउचीवर सहलीला गेलेले असताना त्याच्या बायकोला, बेसला, आइस्क्रीम हवं झालं, हे महाशय वल्ही मारत पलीकडे गेले, येईपर्यंत त्याचं पाणी झालं, आणि तिथून बोटीला मागे लावायच्या इंजिनाची कल्पना सुचली. गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेल, पण १९०९ मध्ये मिलवॉकीत त्याने इंजिनं विकायला काढली हे खरं. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड. माझ्या घरापासून ते शहर वीस मिनिटांवर आहे.

आता कामाचं. या काळातल्या इंजिनांचं एक ठरलेलं दुखणं म्हणजे मॅग्नेटोच्या कॉइल. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारा भाग, तो फ्लायव्हीलच्या चाकाखाली असतो. फ्लायव्हीलचा नट काढला, बोल्टवाला पुलर लावला (तीन नखांचा लावू नका, कडेने ओढला की फ्लायव्हील वाकतं), आणि आत बघितलं. दोन कॉइलपैकी एकीवर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा. दुसरी दिसायला बरी. टेस्टरवर तिची ठिणगी ६ मिलिमीटरची फट उडी मारून जात होती, निळी, टचकन वाजणारी. मी कोकणी माणूस. चांगली दिसणारी वस्तू फेकायची कशी? एकच नवी घेतली.

बाकीचं रीतसर केलं. नवे पॉइंट्स (उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणारे संपर्क), नवे कंडेन्सर. पॉइंट्सची फट वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर, कॅमच्या सगळ्यात उंच जागी धरून. बसवल्यावर पॉइंट्समधून कोरा कागद ओढायचा, कारण नव्या पॉइंट्सवर तेलाचा पातळ थर असतो आणि तो ठिणगी खातो. कार्बोरेटरमधला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, कॉर्कचा निघाला. त्याच्यावरची लाखेची जुनी पुटं आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने खरवडून काढल्यासारखी गेली होती. कॉर्क वाळवून त्यावर सुपरग्लूचे दोन हात मारले. इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या वॉटर पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं रबरी पात्यांचं चाक, बदलला. जुन्याची रबरी पाती एका बाजूला वळून चकलीसारखी कडक झाली होती. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २४ ला १, म्हणजे सहा गॅलनच्या टाकीला पुरतं एक क्वार्ट. आजच्या इंजिनांचं ५० ला १ याला पाजलं तर बेअरिंग रडतात.

रंग मात्र लावला नाही. जुन्या इंजिनांच्या ग्रुपमधले काही जण आधी रंगाचा डबा उघडतात आणि इंजिन नंतर. मला ते लग्नाआधी अल्बम छापण्यासारखं वाटतं.

गॅरेजबाहेर पाण्याच्या ड्रममध्ये तिसऱ्या झटक्यात चालू झालं. दोन मिनिटं चालवून बंद केलं, पुन्हा चालू केलं, फोटो काढले. ड्रममध्ये सगळीच इंजिनं शहाणी असतात.

जुलैच्या पहिल्या रविवारी तळ्यावर गेलो. बायको, मुलगी, डब्यात थालीपीठं. पहिली दहा मिनिटं सुरेख. मग आवाज बदलला. फटफटफटचं फट… फट… झालं, बोट मागून कुणी धरल्यासारखी झाली, आणि तळ्याच्या मध्यावर इंजिन गप्प. पाच मिनिटांनी चालू, मिनिटाभरात पुन्हा बंद. शेवटी वल्ही काढली. मुलगी म्हणाली, "बाबा, आपण आइस्क्रीम आणायला चाललोय का?"

पुढचे तीन आठवडे मी कार्बोरेटरमागे लागलो. तीनदा खोलला, जेट धुतले, टाकीच्या दुहेरी नळीचे ओ-रिंग बदलले (या टाकीत इंजिनच हवा भरून दाब देतं, पेट्रोलचा पंप नसतो, त्यामुळे संशयाला जागा होतीच). फरक शून्य. काकांनी फोनवर आवाज ऐकला आणि एवढंच विचारलं, "थंड असताना चलता मां?" चालतं. "गरम झाल्यार मरता?" मरतं. "मगे त्या कार्बोरेटराक कित्याक छळतंस?"

दुसऱ्या दिवशी इंजिन ड्रममध्ये दहा मिनिटं तापवलं आणि लगेच टेस्टर लावला. वाचवलेल्या कॉइलची ठिणगी गायब. इंजिन थंड असताना निळी, तापल्यावर नाहीच. आतलं इन्सुलेशन गेलेलं असतं, गरम झालं की वीज बाहेर यायच्या आधीच आतल्या आत गळून जाते. बाहेरून एक चरा नव्हता. नवी बसवली, तिची लोखंडी टाच खालच्या घडवलेल्या कडेशी बोटाने चाचपून बरोबर जुळवली, आणि जुनी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगली.

त्यानंतर ट्यूनिंग. हे ड्रममध्ये होत नाही, लोडवर, पाण्यातच करावं लागतं. या कार्बोरेटरला दोन सुया, एक हळू चालीची, एक वेगाची. हळूची दीड आटा बाहेर, वेगाची पाऊण, इथून सुरुवात. आधी पूर्ण वेगात वेगाची सुई थोडी थोडी आत घ्यायची. इंजिन खोकायला लागलं की परत जराशी बाहेर. मग थ्रॉटल खाली आणून हळूची. प्रत्येक वेळी एक अष्टमांश आटा फिरवायचा आणि दहा-पंधरा सेकंद थांबायचं, कारण इंजिन लगेच उत्तर देत नाही. माझा हात सतत पुढे जातो. मुलीने माझ्या मनगटावर चापट मारायचं काम घेतलं होतं.

चालू होणं म्हणजे काहीच नाही, हे मला तेव्हा पटलं. नावच फिशरमन आहे, गळ टाकून तासभर रांगायला बनवलेलं. एक अष्टमांश आटा जास्त बाहेर असेल तर धूर आणि ओला प्लग, कमी असेल तर कडमडून बंद. मधल्या त्या केसभर जागेत ते रांगतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ते रांगलं. पाऊण तास. मधून मधून मी सिलेंडर हेडवर तळहात ठेवत होतो, कारण या मॉडेलला पाण्याची धार दाखवणारं भोक नाही; हात तीन-चार सेकंद टिकला म्हणजे इम्पेलर काम करतोय. टिकत होता. गळाला काही लागलं नाही. काकांना आवाज रेकॉर्ड करून पाठवला. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: "वरचो सिलेंडर वायंच मागे पडता. प्लग बघ."