रुमाल टाकला की जागा आपली

शिकागोला ताईकडं गेलो होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीतली दुपार, रात्रभर बर्फ पडून गेलेला, मी चहा घेऊन खिडकीत. समोर रस्त्याच्या कडेला दोन गाड्यांच्या मधे एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची, एकटीच. त्याच्या पुढं इस्त्रीचं टेबल, अजून पुढं दोन बादल्यांवर आडवी फळी. मला वाटलं भंगारात काढलंय. ताई म्हणाली, "हात लावशील बिवशील हं, डिब्स आहे ते."

म्हणजे असं, की दोन तास फावड्यानं बर्फ उपसून ज्यानं गाडी बाहेर काढली, ती जागा त्याची, तो येईपर्यंत खुर्ची राखण करणार. रस्ता सरकारी, कायद्यात हे बसत नाही, काही दिवसांनी महापालिकेची माणसं येऊन सगळा पसारा उचलूनही नेतात, तरी पुढच्या बर्फाला खुर्च्या परत हजर. आणि कुणी खुर्ची सारून गाडी लावलीच तर रात्रीतून तिच्यावर पाइपनं पाणी मारून ठेवतात म्हणे, सकाळी गाडीचा गोळा, वर सरबत तेवढं घालायचं राहतं.

मला एकदम स्वारगेट आठवलं. मे महिना, आजोळी निघालेलो, बाबा बॅगा सांभाळतायत आणि गाडी लागतालागताच मी खिडकीच्या गजातून त्यांचा रुमाल आत टाकलेला, छाती फुगवून. ती गाडी पंढरपूरची निघाली. रुमाल विठोबाला गेला, आम्ही पुढच्या गाडीत उभे. बाबा घाम पुसायला खिशात हात घालायचे आणि माझ्याकडं बघायचे, बारामतीपर्यंत.

तर शिकागो. तिथं बर्फाचा विषय साधा नाही. 1967 च्या जानेवारीत 23 इंच पडला होता. 1979 ला तर रस्ते वेळेत साफ झाले नाहीत म्हणून लोक इतके चिडले की महापौर बिलँडिक पक्षातल्या पक्षातच हरले आणि जेन बर्न शहराच्या पहिल्या बाई महापौर झाल्या. खुर्ची बर्फानंच नेली म्हणायची.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे कॅप्टन स्ट्रीटर. 1886 मधे याची बोट मिशिगन लेकच्या काठाशी वाळूत रुतली. यानं ती काढलीच नाही. आजूबाजूला लोकांना राडारोडा टाकू दिला, जमीन तयार झाली तसा म्हणाला ही माझी, इलिनॉय राज्याचासुद्धा संबंध नाही. पोलीस, कोर्टकचेऱ्या, बंदुका, वर्षानुवर्षं चाललं. शेवटी हरला, पण त्या भागाला आजही स्ट्रीटरव्हिल म्हणतात आणि तिथल्या घरांचे भाव विचारू नयेत. आम्ही रुमाल टाकत बसलो, यानं बोट टाकली.

परत येताना विमानतळावर खुर्चीवर कानटोपी ठेवून कॉफी आणायला गेलो. आलो तर एक बाई त्याच खुर्चीत. हसून कानटोपी माझ्या हातात दिली, "तुमची का?"

हो म्हणालो. आणि उभ्या उभ्याच कॉफी प्यायलो.