तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर वाचता तरी काय?

वेंगुर्ल्यात राहून लिनक्स कर्नलचं, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘पण तुम्ही काही लिहिताना दिसत नाही. दिवसभर वाचता तरी काय?’ दुसऱ्यांनी लिहिलेले ड्रायव्हर, म्हणजे कार्डासारखं हार्डवेअर चालवणारा कोड वाचतो. त्यातही मुख्यतः पत्ते.

मेमरीतली एखादी जागा प्रोसेसर ज्या पत्त्याने ओळखतो, त्याच पत्त्याने ती नेटवर्क कार्डाला सापडेल असं नाही. आपल्या वाडीत घर ‘विहिरीकडचे’ म्हणून ओळखतात, ग्रामपंचायतीत त्याला घर क्रमांक असतो, वायरमन ग्राहक क्रमांक मागतो, घर एकच. कार्डाकडचा पत्ता मेमरीच्या पत्त्यात बदलून देणाऱ्या हार्डवेअरला आयओएमएमयू म्हणतात. ड्रायव्हरने कर्नलकडून कार्डासाठीचा पत्ता मागून घ्यायचा आणि तोच कार्डाला द्यायचा, असा नियम.

नियम मोडूनही पुष्कळदा काही बिघडत नाही, हीच खरी डोकेदुखी. साध्या पीसीवर आयओएमएमयू बंद असेल तर दोन्ही पत्ते सहसा सारखेच निघतात. लिहिणारा सांगतो, ‘माझ्याकडे चालतंय.’ चालणारच! तोच कोड एखाद्या एआरएम बोर्डावर (पीसीहून वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर) गेला की कार्ड भलतीकडेच लिहू लागतं. म्हणून ‘चालतंय’ला मी फारशी किंमत देत नाही, आणि कार्ड माझ्या टेबलावर नसलं तरी माझं अडत नाही. (पावसात लाइट गेली तरी पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, मोबाइलच्या जेमतेम रेंजवर उतरतो, नुसता मजकूर तो.)

मग शोधतो काय? मॅपिंग, म्हणजे कर्नलकडून कार्डासाठीचा पत्ता मिळवणं, फसलं का, हे कसं तपासलंय ते आधी. पत्ता शून्य आला म्हणजे फसलं, असं बरेच जण धरून चालतात. कार्डासाठी शून्य हाही चालणारा पत्ता असू शकतो; तपासायला कर्नलने वेगळं फंक्शन दिलंय. आणि मॅपिंग खरंच फसतं. ३२ बिटांचेच पत्ते समजणाऱ्या कार्डाला ४ जीबीच्या पलीकडचं दिसत नाही. आयओएमएमयू नसेल तर कर्नल डेटा एका राखीव बफरमधून, म्हणजे मेमरीच्या बाजूला ठेवलेल्या तुकड्यातून फिरवून नेतो, आणि तो एरवी ६४ एमबीचाच. टेस्टिंगमध्ये तो भरत नाही, गिऱ्हाइकाकडे भरतो.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो आवराआवरीचा क्रम. आधी कार्ड थांबवायचं, मग मॅपिंग काढायचं, मग मेमरी मोकळी करायची. आयओएमएमयूचाच ड्रायव्हर वाचत असलो तर आणखी एक बघतो: जुने पत्ते आयओएमएमयू आपल्या कॅशेत, म्हणजे हाताशी ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्यात धरून बसतो. ते पुसण्याआधी मेमरी दुसऱ्याच्या हाती गेली, तर कार्ड त्याच्या डेटावर लिहितं, क्रॅश तिसरीकडेच होतो, आणि लोक निरपराध ड्रायव्हरला शिव्या घालत बसतात.

‘हे मशीनला नाही का तपासता येत?’ येतं की. कार्डाने थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्याला डीएमए म्हणतात; त्यातल्या चुका पकडायला कर्नलमध्ये डीएमए डीबगचा पर्याय आहे, बरंच पकडतो. पण चाललेला कोडच त्याला दिसणार, आणि एररच्या वाटा सहसा चालतच नाहीत. म्हणून फंक्शन समोर आलं की मी आधी तळाची गोटो लेबलं, म्हणजे एरर आली की कोड जिथे उडी मारतो त्या जागा वाचतो, मग वर सरकतो.