रिपोर्ट नॉर्मल आला

मंगळवार, रात्री उशिरा

डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, नॉर्मल आलं. डाव्या पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ नाही, असं सहीशिक्क्यासकट कागदावर लिहून मिळालं. धुळ्याहून अमळनेरला परत येताना गाडीत सगळ्यांना एकदम कंठ फुटला. सकाळी जाताना कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी वाटत होतं, आणि ते अजून जात नाहीये.

पोटरी दुखतेच आहे. तीच तर पंचाईत.

पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आले, पाय लोंबकळत ठेवून. दुसऱ्या दिवशी पोटरीत गोळा. पेटका असेल म्हणून सोडून दिलं. मग बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा घोटायला पहाटेपासून चुलीपाशी उभी, आणि ती जड पातेली घेऊन गच्चीच्या पायऱ्या. संध्याकाळी पाय टेकवेना. जिजी तेलाची वाटी घेऊन आल्या, पदर खोचून बसल्यासुद्धा, तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, अजिबात चोळू देऊ नकोस. गाठ असली तर सुटून वर जाते." वर म्हणजे कुठे ते तिनं सांगितलं नाही. या घरात सांगावं लागत नाही. तात्यांच्या वेळी प्लास्टर होतं, पाय सुजला तर सगळे म्हणाले प्लास्टरनं सुजतोच. असो.

तेलाची वाटी तशीच खिडकीत राहिली. जिजी काही बोलल्या नाहीत.

रात्री शिवणाच्या डब्यातला टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी 36, डावी साडेसदतीस. पुन्हा मोजली तर डावी 37. टेप जरा खाली सरकला की पोटरी बारीक होते, वर सरकला की जाड. डॉक्टरांनी नंतर दाखवलं: गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली मोजायचं, आणि फरक 3 सेंटिमीटरच्या वर असला तर तो धरतात. माझा त्यात बसत नव्हता. त्यांनी बाकीचं विचारलं. ऑपरेशन झालंय का, अंथरुणाला खिळून होतात का, हार्मोनच्या गोळ्या, कॅन्सर, चार तासांच्या वरचा प्रवास. प्रवासाला हो म्हटलं. गच्चीच्या पायऱ्यांचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बिबड्यांचं काय सांगायचं दवाखान्यात?

रक्त तपासलं, डी-डायमर. पाचशेच्या आत हवं, माझं थोडं वर. पन्नाशीनंतर वयाला दहानं गुणून तेवढं चालवून घेतात म्हणे. माझं सत्तावन्न, म्हणजे पाचशे सत्तर. माझं त्याच्याही पुढे. हे वाढायला गाठच लागते असं नाही, साधा ताप, सूज कशानंही वाढतं. कमी असलं तर गाठ नाही म्हणता येतं, जास्त असलं तर काहीच म्हणता येत नाही. म्हणून डॉपलर.

तिथली मुलगी फार चांगली होती. थंडगार जेल लावून जांघेपासून खाली दाबत आली. पडद्यावर शीर म्हणजे काळा गोल. वरून दाबलं की तो मिटायचा, सोडलं की उघडायचा. मिटतोय म्हणजे आत रक्त साकळलेलं नाही, ती म्हणाली. गाठ असली की दाबूनही मिटत नाही. मग तिनं पोटरी मुठीत धरून आवळली तर मशीनमधून सूंऽऽ असा आवाज आला, रक्त वर पळाल्याचा. चालताना पोटरी हेच करते, म्हणून बसून राहायचं नाही. मी प्रत्येक वेळी बघत होते, मिटला, मिटला. आणि खरं लिहायचं तर, गुडघ्याच्या मागे आल्यावर एक क्षण वाटलं, हा नाही मिटला तरी चालेल.

कसं वाटू शकतं असं? जीवावरचं आहे ते.

पण मला माहीत आहे कसं ते. संशय होता तोवर मी पलंगावर होते, पायाखाली दोन उशा. ह्यांनी स्वतः चहा केला. साखर जास्त होती, पण केला. धाकट्या जाऊबाईंनी दोन्ही वेळचं जेवण आणून दिलं. रात्री कोणी ना कोणी दारातून डोकावून जायचं, श्वास चालू आहे का बघायला. भीती होतीच, भिंतीकडे तोंड करून रडलेही. पण इतकं कोणी डोकावल्याचं मला आठवत नाही. बाळंतपणातही नाही. माहेरी झाली ना दोन्ही.

आणि आज घरात पाऊल टाकलं तर जिजी ओट्यावरून म्हणाल्या, "काही नही निंघनं ना? बेस व्हयनं!" मनापासून म्हणाल्या. पाठोपाठ विचारलं, गहू भिजवू का.

म्हणजे कुरडया. तीन दिवस भिजणार, मग वाटायचे, मग चीक.

आधी डोळ्यांत पाणीच आलं. मग हसू आलं. निदान गव्हाला तरी माझ्या रिपोर्टची वाट होती. उन्ह असं तापलंय, जळगाव-भुसावळकडे तर विचारू नका, वाळवण आता नाही तर कधी? जिजींच्या वयाला मी पोचेन तेव्हा मीही रिपोर्टनंतर गहूच विचारीन बहुतेक.

डॉक्टर म्हणाले, स्नायू ताणलेला दिसतोय, पण पोटरीतली बारीक गाठ पहिल्या वेळी नजरेतून सुटू शकते, आठवड्यानं पुन्हा बघू. सूज वाढली तर आधीच यायचं. दम लागला, छातीत दुखलं तर कशाचीही वाट बघायची नाही. हा भाग मी घरी नीट सांगितला. ह्यांनी कॅलेंडरवर गोल केला, काही बोलले नाहीत.

चीक शुक्रवारी. मी म्हटलं, ढवळीन, पण खुर्चीवर बसून, आणि मध्ये मध्ये उठून अंगणात चकरा मारून येईन. जिजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. खुर्चीवर बसून चीक ढवळलेला या घरात कोणी पाहिलेला नाही. गुठळ्या होतात म्हणे बसून ढवळलं की.

जाऊबाई एवढ्या हसल्या की भाजणी करपली.