दाजींसोबत लासलगाव

आज दाजींसोबत लासलगावच्या बाजार समितीत गेलो होतो. रांगेत उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर, पिकअप. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो. कुणी मूठभर कांदे उचलतो, साल चोळून बघतो, दोन-चार आकडे ओरडले जातात आणि महिनोन्‌महिने कांदाचाळीत जपलेल्या मालाचा निकाल मिनिटभरात लागतो. दाजींनी फक्त टोपी काढून पुन्हा घातली, बाकी चेहरा कोरा!

याच गावात भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला विकिरण प्रकल्प आहे, म्हणजे मालावर किरणांचा मारा करून प्रक्रिया करणारा. कांद्याला कोंब फुटू नयेत हा त्याचा मूळ हेतू, पण २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूस तिथूनच प्रक्रिया होऊन गेला. कोकणच्या आंब्याला व्हिसा कांद्याच्या गावात, घ्या आता.

बाकी इथे कापडवाला, खतवाला, मोबाइलवाला, सगळे आधी कांद्याचा भाव विचारतात, मग गिऱ्हाईक बघतात. डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीचा विषय निघाला तसा चहावाला म्हणाला, "भाव पडला की माझी उधारीची वही भरते." दिल्लीतला निर्णय इथे टपरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

दाजींना भाव किती मिळाला ते मी विचारलं नाही. येताना ताईसाठी अर्धा किलो जिलबी घेतली त्यांनी, म्हणजे अगदीच वाईट नसावा.