उंटावर बसण्याआधी उंट पाहावा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या बेळगाव-खानापूर भागातील अनेक कुटुंबे राजस्थानचा बेत आखू लागतात. जोधपूर-बेंगळुरू एक्स्प्रेस बेळगावला थांबते आणि जोधपूरहून पुढे जैसलमेरपर्यंत रेल्वे आहे, त्यामुळे प्रवास लांबचा असला तरी अवघड नाही. ओळखीची मंडळी मला बहुधा एकच गोष्ट विचारतात, ती म्हणजे उंटाची सवारी करावी का आणि करायची तर कुठे. सवारी अवश्य करावी, पण ती अर्ध्या तासाची फेरी नसावी आणि चढण्याआधी उंट नीट पाहून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

जैसलमेरपासून सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या समच्या वाळूच्या टेकड्यांवर सूर्यास्ताच्या वेळी मोठी गर्दी होते. एक गिऱ्हाईक उतरले की लगेच दुसरे चढते आणि उंटाला श्वास घ्यायलाही उसंत मिळत नाही. त्यापेक्षा खुहडीसारख्या गावातून, उंट पाळणाऱ्या माणसाला सोबत घेऊन, दिवसभर सावकाश फिरावे. उंट चालताना एका बाजूचे पुढचे आणि मागचे पाय जवळजवळ एकाच वेळी उचलतो, म्हणून स्वार डावी-उजवीकडे हेलकावत राहतो. सुरुवातीला कंबर ताठ धरली जाते आणि तीच दुखते. शरीर सैल सोडले की तासाभरात ती लय अंगात भिनते आणि मग माणूस आजूबाजूला पाहू लागतो. वाटेत खेजडीचे झाड लागले की उंट मान लांबवून पाला ओरबाडतो. चांगला उंटवाला अशा वेळी दोरी ओढत नाही, थांबतो.

आपल्याकडे जनावर पारखण्याची नजर अजून शाबूत आहे. निपाणी-चिकोडीकडचा शेतकरी बैल घेताना वेसणीपाशी नाकपुडी, जुवाखालचा खांदा आणि खूर आधी पाहतो. बेंदराला ज्याने आपल्या हाताने बैल धुतला आहे, त्याला हे शिकवावे लागत नाही. तीच नजर उंटावर टाकावी. नाकातील लाकडी नकेलीभोवती सूज, रक्त किंवा पू असेल तर त्या उंटावर बसू नये. खोगीर चढवण्याआधी वशिंडाच्या दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण रंगीत झुलीखाली खोगिराने घासलेल्या जखमा सहज झाकल्या जातात. उंट बसताना ज्यावर भार टाकतो, तो छातीखालचा कडक घट्टा फाटलेला नसावा. वशिंडात पाणी नसते, चरबी असते. ती उपासमारीत खर्ची पडते, म्हणून लोंबणारे, रिकामे वशिंड दिसले तर जनावराची आबाळ होत असण्याची शंका घ्यावी.

हिवाळा हा पर्यटनाचा हंगाम, आणि नर उंटांच्या माजाचा काळही तोच. तोंडाला फेस आलेला, गुरगुरणारा आणि टाळूचा मऊ भाग फुगवून तोंडाबाहेर काढणारा उंट दिसला तर दूर राहावे, कारण माजावरचा उंट भयंकर चावतो.

चढल्यानंतरचे पहिले काही क्षण सर्वांत महत्त्वाचे असतात. उंट उठताना मागचे पाय आधी पूर्ण सरळ करतो, तेव्हा स्वार पुढे फेकला जातो. म्हणून खोगिराचा पुढचा दांडा घट्ट धरून अंग मागे झुकवावे. बसताना पुढचे गुडघे आधी दुमडतात, त्यामुळे तेव्हाही मागेच झुकावे. टेकडी उतरतानाचा नियम तोच. पॅन्ट सुती आणि पायघोळ असावी, नाहीतर मांड्या सोलवटून निघतात.

या सवारीचे पैसे शक्यतो उंटाच्या मालकाच्याच हातात द्यावेत. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 4 लाख उंट होते, ते 2019 मध्ये अडीच लाखांवर आले. राजस्थान सरकारने 2014 मध्ये उंटाला राज्यप्राणी घोषित केले आणि 2015 मध्ये त्याच्या कत्तलीवर बंदी आणून राज्याबाहेर नेण्यावरही निर्बंध घालणारा कायदा केला. हेतू रक्षणाचा होता, परंतु बाजार बसला आणि नर पिल्लांना गिऱ्हाईक उरले नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या रायका समाजातील पशुपालकांची तक्रार आहे. शेती आणि वाहतुकीतले उंटाचे काम ट्रॅक्टर आणि ट्रकने नेले. अशा स्थितीत प्रवाशाने दिलेले भाडे पशुपालकाच्या घरी पोहोचले, तरच उंट पाळणे त्याला परवडते.

आपल्या भागात जत्रांच्या निमित्ताने मुलांना बसवण्यासाठी उंट आणतात, ते मात्र मला मुळीच पटत नाही. वाळूसाठी घडलेले त्याचे मऊ, पसरट तळवे खानापूरकडच्या ओल्या लाल चिखलात घसरतात, आणि पावसाळी दमट हवेत चावऱ्या माशांमुळे पसरणारा सर्रा रोग उंटाचा जीव घेऊ शकतो. मुलांना उंट दाखवायचाच असेल, तर राजस्थानच्या सहलीत बिकानेरसाठी एक दिवस राखून ठेवावा. तेथे 1984 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र आहे, जेथे बिकानेरी, जैसलमेरी, कच्छी आणि मेवाडी या जातींचे उंट जवळून पाहता येतात आणि उंटिणीच्या दुधाची चवही घेता येते.