हुकूमशाहीतलं प्रेम आणि मागे वाजणारा रेडिओ

युद्ध, हुकूमशहा आणि मध्ये अडकलेले दोन जीव, असला पिक्चर असला की मी बसतेच बघायला. पण बघताना डोक्यात एक वाकडा प्रश्न येतोच, की यातले नाझी काढून त्यांच्या जागी हिरोइनचा खडूस बाप टाकला तर काय फरक पडेल? बऱ्याच वेळा काही म्हणजे काहीच नाही पडत. तेच स्टेशनवरचे निरोप, तीच पावसातली मिठी, मागे फक्त झेंडे लावलेत. राजवट म्हणजे नुसता सेट.

जिथे फरक पडतो असा माझ्या लेखी सगळ्यात भारी पिक्चर म्हणजे एत्तोरे स्कोलाचा 'अ स्पेशल डे', १९७७चा. खरं तर यात इटली अजून महायुद्धात उतरलेलीही नाहीये, ती उतरली १९४० मध्ये. इथे चालू आहे मे १९३८, हिटलर रोमला आलाय, अख्खी बिल्डिंग नटूनथटून परेड बघायला गेलीय आणि खालची राखणदार बाई सोडली तर मागे राहिलेत दोघंच. अंतोनिएत्ता, म्हणजे सोफिया लॉरेन, सहा पोरांची आई, दमलेली, आणि ग्लॅमर असं पुसून टाकलंय की पहिली पाच मिनिटं विश्वासच बसत नाही. आणि समोरचा गाब्रिएले, म्हणजे मास्त्रोयानी. तिचा पाळलेला पक्षी उडून त्याच्या खिडकीशी जातो, एवढ्यावरून ओळख. ती मुसोलिनीची भक्त, त्याच्या फोटोंचा अल्बम जिवापाड जपलेला. तो रेडिओवरचा अनाउन्सर, समलिंगी म्हणून नोकरीवरून काढलेला, आणि त्याच दिवशी त्याला तडीपार करून सार्डिनिया बेटावर नेणार आहेत.

आता यात बाप टाकून बघा. नाहीच बसत! कारण राजवट दाराबाहेर उभी नाहीये, ती तिच्या किचनमध्ये आहे. अजून एक पोर झालं की मोठ्या कुटुंबाचं सरकारी बक्षीस, हा तिच्या घरातला हिशोब. दुसरीकडे बिनलग्नाच्या पुरुषांवर मुसोलिनीने १९२७ पासून टॅक्सच लावलेला. म्हणजे कोणी कोणाबरोबर झोपायचं आणि किती पोरं काढायची यात सरकारचं नाक आधीच खुपसलेलं, मग प्रेमाची गोष्ट वेगळी आणि राजकारण वेगळं असं राहतंच कुठे.

आणि तो रेडिओ! खालची राखणदार बाई तो मोठ्याने लावून ठेवते आणि जवळजवळ पूर्ण पिक्चरभर परेडची कॉमेंट्री, घोषणा, बँड चालूच. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये ती त्याला जवळ ओढते, तो सांगतो की मी तसा नाहीये, ती थोबाडीत मारते आणि मग तो जिन्यातून ओरडत सुटतो की हो, आहे मी समलिंगी, ऐका सगळे. ऐकायला जवळजवळ कोणी नाही, बिल्डिंग रिकामी, फक्त तो बँड वाजतोय. हा सीन बघून मी पॉज करून जरा वेळ नुसती बसले होते. (रंगही मुद्दाम उडालेले ठेवलेत, प्रिंट खराब आहे असं समजू नका.)

डग्लस सर्कचा १९५८चा 'अ टाइम टू लव्ह अँड अ टाइम टू डाय' जुन्या हॉलिवूड स्टाइलचा आहे, गाणंच तेवढं बाकी असं वाटतं अधूनमधून. रशियाच्या आघाडीवरून रजेवर आलेला जर्मन सैनिक, बॉम्बने उडालेलं शहर, घाईघाईचं लग्न. पण त्यात गेस्टापोकडून, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडून, बायकोला बोलावणं येतं, हा तिच्याऐवजी जातो आणि ते तिच्या वडिलांची राख त्याच्या हातात ठेवतात, इतक्या ऑफिसच्या कोरडेपणाने की मेलोड्रामा तिथेच संपतो. सर्कचा स्वतःचा मुलगा त्याच आघाडीवर १९४४ मध्ये मारला गेला होता, नाझी झालेल्या पहिल्या बायकोने बापलेकांची भेटही होऊ दिली नव्हती. हे कळल्यावर पिक्चर परत बघितला तर तो हिरो वेगळाच दिसतो.

अँग लीचा २००७चा 'लस्ट, कॉशन' पण याच लायनीतला. शांघाय, जपान्यांच्या ताब्यातलं, वांग जिंगवेई या चिनी नेत्याचं, जपानच्या तालावर नाचणारं कळसूत्री सरकार. सगळे बेड सीनबद्दल बोलतात, मला मात्र माहजाँग या चिनी खेळाच्या टेबलावरच्या बायका जास्त भीतीदायक वाटल्या, बाहेर लोक रेशनच्या लायनीत आणि या अंगठ्या मिरवत पत्ते टाकल्यासारख्या सोंगट्या टाकतायत.

फसलेला सांगायचा तर 'रोझेनश्ट्रास', २००३. त्याचंच जास्त वाईट वाटतं कारण गोष्ट खरी आहे. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि जर्मन यांची लग्नं बंद केली, पण आधी झालेली होती त्यांचं काय? फेब्रुवारी १९४३ मध्ये बर्लिनमध्ये असे ज्यू नवरे उचलून एका इमारतीत कोंडले आणि बायका बाहेर रस्त्यावर जमल्या, आमचे नवरे परत द्या म्हणत, गेस्टापोने हाकललं तरी परत येत राहिल्या, आणि बहुतेक नवरे सुटले. आणि पिक्चरमध्ये काय, तर हिरोइन सजून पार्टीला जाते आणि हिटलरच्या प्रचारमंत्र्याला, गोबेल्सला, गळाला लावते! इतिहासकार तर चिडलेच. अरे, भर युद्धात हिटलरच्या बर्लिनमध्ये बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या आणि तुम्हाला तेवढ्याने ड्रामा पुरला नाही?